भोंगाघराचा वांगी रंग

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (तूर्त कागदावरच. पाठीत उसण भरली आहे, प्रत्यक्ष घालायला गेलो तर उठवायला दोन माणसं लागतील.) तुझी तब्येत बरी असेल, रक्तदाबाची गोळी तू वेळेवर घेत असशील आणि वहिनींचा दमा ताब्यात असेल असं धरून चालतो. इकडे अक्का बरी आहे, गुडघे सोडून. आमची हीसुद्धा बरी आहे, माझ्यावरचा राग सोडून. मी कसा आहे ते पुढे कळेलच, फक्त ते वाचताना तू बसलेला अस. गेल्या अकरा वर्षांत मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, तूही लिहिल्या नाहीस. का, तो विषय आज मी काढणार नाही. (काढावा लागेल, पण इतक्यात नाही.) आधी फोनच केला होता. सोमवारी सात वेळा, काल चार वेळा. माझा नंबर बघून तू उचलत नसशील असं वाटलं, म्हणून शेजाऱ्यांच्या फोनवरून लावला, तोही उचलला नाहीस. मग म्हटलं, ठीक आहे, थोरल्यांचा ताठा थोरल्यांपाशी. हे पत्र आज बुधवारच्या दुपारच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे. भला माणूस आहे, दारातून हाकलू नकोस. उद्याचा दिवस तो तुमच्याच शहरात लेकीकडे असतो आणि शुक्रवारी सकाळी सहाला परत निघतो. शुक्रवार, सकाळी सहा. बाकीचं विसरलास तरी चालेल.

तर भोंगाघर. त्याची माहिती मी तुला द्यावी म्हणजे कमालच झाली, पण हा ड्रायव्हर वाटेत थांब्याथांब्यावर पत्र उघडून वाचणार (चिकटवलं तरी उघडतो, अनुभव आहे) आणि त्याला काही कळलं नाही तर तुझ्या दारात उभा राहून तुलाच विचारत बसेल. म्हणून त्याच्यासाठी लिहितो. समुद्राच्या अगदी तोंडावर, चढाच्या पायथ्याशी ते दगडी घर आहे. वरच्या बाजूला लोखंडी भोंगा होता. धुकं पडलं की आमचे बाबा हाताने दांडा फिरवून दर दोन मिनिटांनी तो वाजवायचे, म्हणजे बोटी खडकांपासून लांब राहायच्या. मागच्या दोन खोल्यांत आई-बाबा, आमची थोरली बहीण अक्का, दादा आणि मी अशी पाच माणसं राहायचो. पुढे बोटींवर यंत्रं आली, भोंगा बंद झाला, आणि गेली बावीस वर्षं त्या घराला कुलूप आहे. आता त्याचं करायचं काय, यावर गावात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो पाडा आणि चाळीस गाड्या उभ्या करायची सोय करा. या तटाच्या पुढाऱ्याला सगळे पार्किंगसाहेब म्हणतात, तोही खुशीने ओ देतो. दुसरा तट म्हणतो की घर दुरुस्त करा आणि वापरा. मागच्या खोल्यांत दवाखाना, पुढच्या भोंग्याच्या खोलीत गावातल्या म्हाताऱ्या माणसांना दिवसभर बसायची जागा. त्या खोलीत शिरायला एकही पायरी नाही आणि खिडकी केवढी मोठी आहे हे तुला ठाऊक आहे.

अक्का आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर असते. चाळीस पायऱ्या. गेल्या वर्षभरात ती तीनदा खाली उतरली, त्यातली दोनदा डॉक्टरकडे. एरवी दिवसभर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघत बसते. तिसऱ्यांदा उतरली ती भोंगाघर बघायला. मी तिला रिक्षातून नेलं. ती त्या खोलीत शिरली, काठीने धूळ बाजूला सारली, माझ्याकडून खडू मागून घेतला आणि खिडकीशी जमिनीवर चौकोन आखून म्हणाली, माझी खुर्ची इथे. त्या दिवसापासून रोज सकाळी चहाचा कप हातात घेताना विचारते, आपलं घर उघडलं का? मी रोज म्हणतो, होईल आता. दादा, साठी उलटली तरी रोज सकाळी अक्काशी खोटं बोलायचं म्हणजे माझा चहा कपातच थंड होतो.

आता घोडं कुठे पेंड खातं ते ऐक. दुरुस्तीचा खर्च जुन्या इमारती जतन करणारी कचेरी देणार, पण त्यांची एक अट आहे. घराला बाहेरून रंग मूळचाच हवा, म्हणजे बांधलं तेव्हा होता तो, आणि तो कोणता हे पुराव्याने सिद्ध व्हायला हवं. त्यासाठी त्यांनी एक बाई पाठवल्या. हुशार बाई, वय पस्तीसच्या आत, गळ्यात चष्म्याऐवजी भिंग. पहिल्याच दिवशी त्यांचं नाव भिंगबाई पडलं. भिंतीवरचा एकेक थर त्या शस्त्रक्रियेच्या पात्याने खरवडतात आणि सगळ्यांत तळाला कोणता रंग आहे ते बघतात. रंगकामाला त्यांनी मला धरलं, कारण चुन्याचा हात मारणारा माणूस या किनाऱ्यावर मी एकटाच उरलो आहे, बाकी सगळे डबा उघडून रूळ फिरवणारे. मला आनंद झाला. बाबांच्या घराला शेवटचा रंग आपल्या हातचा लागणार, याचा मला इतका आनंद झाला की ही म्हणाली, इतका आनंद तर लग्नात दिसला नव्हता. (ते खरं आहे. लग्नात बूट लागत होते.)

खरवडायला भिंत कुठे होती? समोरच्या दोन्ही बाजू खाऱ्या वाऱ्याने पार दगडापर्यंत खाल्लेल्या. भिंगबाई दोन दिवस भिंग लावून फिरल्या आणि हिरमुसल्या. तिसऱ्या दिवशी मागच्या बाजूला गेल्या. मी पायाशी बादलीत चुना ढवळत होतो. त्या बाहेरच्या जिन्याखाली वाकल्या आणि म्हणाल्या, अहो, इथे सगळे थर शाबूत आहेत! जिन्याखाली, दादा. डाव्या कोपऱ्यात. जमिनीपासून हातभर उंचीवर. माझ्या हातातलं ढवळणं तिथल्या तिथे थांबलं.

(ड्रायव्हरसाहेबांसाठी: दादा सोळा वर्षांचा होता, मी अकराचा. शेजारी नावा बांधायचा कारखाना होता. तिथली हातगाडी आम्ही चढावर नेली होती, वर बसून खाली घसरत यायला. चढाच्या टोकाला गाडीची दोरी दादाच्या हातून सुटली, गाडी सरळ खाली गेली आणि जिन्याखालच्या कोपऱ्यावर आदळली. ताटाएवढा गिलावा दगडापर्यंत निघाला. बाबा यायला तासभर होता. आम्ही चुना-वाळू कालवून खड्डा भरला, आणि वरून लावायला रंग म्हणून कारखान्याच्या उकिरड्यावरचे डबे गोळा केले. त्यात होडीच्या पोटाचा लाल, केबिनचा निळा आणि कसलासा काळा असे तळाशी उरलेले रंग होते, ते सगळे एका डब्यात ओतले. झाला तो वांगी रंग. चांगला गडद, चकचकीत, ताजं वांगं तेल लावून पुसावं तसा. तिसऱ्या दिवशी बाबांनी दादाच्या नखांत तो रंग बघितला. गालावर दोन बसल्या त्या बसल्याच, वर शिक्षा अशी की धुक्याचा तो अख्खा आठवडा भोंग्याचा दांडा दादाने फिरवायचा, भोंग्याला खेटून उभं राहून. बाबांनी डागावर चुन्याचे दोन हात दिले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पुढेही दर वर्षी त्या जागेवर ते दोन हात जास्त द्यायचे, कारण ऑइलपेंटवर चुना धरत नाही, पोपडे सुटायचे. ड्रायव्हरसाहेब, आता पुढचं पान उलटा.)

तर भिंगबाईंनी खरवडायला सुरुवात केली. पांढरा. पांढरा. फिकट पिवळा. पांढरा. मी मनातल्या मनात मोजत होतो. पंधराव्या थराखाली एकदम वांगी. बाई अशा किंचाळल्या की मुकादम परांचीवरून उतरून धावत आला. गिलाव्याला थेट चिकटलेला थर, म्हणजे पहिला, म्हणजे मूळचा! जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा, मीही वाजवल्या. त्याच घटकेला तोंड उघडायचं होतं. उघडलंही, पण त त प प झालं, आणि बाईंना वाटलं की बाबांच्या आठवणीने मला भरून आलं. त्यांनी मला पाणी दिलं.

मनात म्हटलं, उद्या सांगतो. उद्या नगरपालिकेची सभा निघाली. पार्किंगसाहेब उभे राहून म्हणाले, या पांढऱ्या भिंतीत असं काय आहे जे दुसऱ्या गावात नाही? नऊ सभासद, त्यातले सहा त्याच्या बाजूचे, आणि त्या सहातले दोन झोपलेले. मी मागच्या बाकावर बसून बाईंना गाठायची वाट बघत होतो. तेवढ्यात बाईंनी काचेच्या डबीतली नखाएवढी वांगी खपली हातोहात फिरवली आणि व्याख्यान दिलं. अख्ख्या किनाऱ्यावर असा रंग दुसरीकडे नाही म्हणे. धुक्यात खलाशांना लांबून दिसावं म्हणून जुन्या लोकांनी तो मुद्दाम निवडला म्हणे. (धुक्यात वांगी रंग काळा दिसतो, दादा. आपण तिथे वाढलो आहोत.) झोपलेले दोघे जागे झाले, त्यांनी डबी उजेडात धरून बघितली आणि हात वर केले ते आपल्या बाजूने. पाच विरुद्ध चार. घर वाचलं, मात्र कचेरीचा शिक्का मिळेपर्यंतच, आणि मिळाला नाही तर सोमवारी पुन्हा मतदान. आता मला सांग, त्या सभेत उठून मी काय सांगायला हवं होतं? की बाबांचं घर वाचवणारा हा ऐतिहासिक रंग म्हणजे उकिरड्यावरचे तीन डबे आहेत? मी मूग गिळून बसलो. घरी आल्यावर अक्काने विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणालो, वाचलं. ती रडली. मग तर माझ्या तोंडाला कायमचं कुलूप लागलं.

पुढचे पंधरा दिवस गावाला वांग्याचं वेड लागलं. बेकरीवाल्याने शटर वांगी केलं. न्हाव्याने खुर्च्यांना वांगी कापड चढवलं. शाळेत मुलींच्या रिबिनींचा विषय निघाला. आणि मला हुकूम झाला की हा रंग चुन्यात बनवून द्या. दादा, चुन्यात गडद रंग बसत नाही. ओला असताना रुबाब करतो आणि वाळला की पांढराफटक. हे मला ठाऊक आहे, कोणत्याही रंगाऱ्याला ठाऊक असतं, बाईंनाही ठाऊक असायला हवं होतं, पण प्रेमात पडलेल्या माणसाला काय सांगणार? मी भिंतीवर नऊ नमुने केले. पहिला, धोब्याने निळीत विसरलेल्या सदऱ्यासारखा. चौथ्याकडे बघून ही म्हणाली, आजाऱ्याच्या ओठांचा रंग आहे. सातवा बघून पार्किंगसाहेब नुसतेच हसले आणि गाडीत बसले, ते मला फार लागलं. बाई मात्र मलाच धीर द्यायच्या. तुमचा दोष नाही, म्हणायच्या, हे जुन्या कारागिरांचं लुप्त झालेलं कसब आहे. तसं त्यांनी वहीत लिहूनही ठेवलं. चाळीस वर्षं मी या धंद्यात घालवली आणि अकराव्या वर्षी डब्यात काठी फिरवून केलेल्या रंगापुढे मी नापास. त्याच नमुन्यांच्या नादात बाईंनी एक खपली प्रयोगशाळेत पाठवली, कसब कोणतं ते कळावं म्हणून. मला हे चार दिवसांनी कळलं, आणि तेव्हापासून पोस्टमनची सायकल दिसली की मी परांचीवर चढून बसायला लागलो.

पाकीट सोमवारी आलं. मी परांचीवर, तिसऱ्या फळीवर होतो. वारा असा की बादली आडवी होत होती. भिंगबाई शिडीने स्वतः वर आल्या, पाकीट बंदच. म्हणाल्या, शोध आपल्या दोघांचा आहे, उघडू या दोघांनी मिळून. कोपऱ्यात बोट घालून त्या पाकीट फाडायला लागल्या आणि दादा, कसं कोण जाणे, मी त्यांचा हात धरला. परक्या बाईचा हात, तिसऱ्या फळीवर, खाली अख्खा रस्ता बघत असताना. आणि सांगून टाकलं. हातगाडी, खड्डा, उकिरडा, तीन डबे, सगळं. (जवळजवळ सगळं.) बोलताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, बाबांच्या भोंग्याचे गंजलेले खिळे बघत होतो. बोलणं संपल्यावर त्यांनी पाकीट उघडलं आणि वाचलं. जहाजी ऑइलपेंट, वय पन्नास वर्षांच्या आसपास. त्या फळीवर खाली बसल्या. त्यांचं भिंग गळ्यातून निसटलं आणि चुन्याच्या बादलीत बुडालं, तरी त्यांचं लक्ष नाही. मी बाही वर करून ते काढलं, धुतलं, पुसलं, परत दिलं. मला वाटलं आता रडतील, ओरडतील, निदान माझा उद्धार करतील. मीही त्याच तयारीत होतो, खरं सांगायचं तर मला तो हवाच होता. त्यांनी फक्त विचारलं, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? मी म्हणालो, अक्काची खुर्ची. त्यांना काही कळलं नाही. मी त्यांना खाली नेऊन खडूचा चौकोन दाखवला.

बाई माणूस म्हणून लाख आहेत, पण खोटं लिहिणार नाहीत. अहवाल शनिवारी दुपारी चारला कचेरीत द्यायचा आहे. वांगी रंग त्या खोडणार. त्या जागी मूळचा कोणता, हे पुराव्यासकट लिहिता आलं तर शिक्का मिळेल, उलट खरेपणाबद्दल कचेरी खूशच होईल म्हणतात. नाहीतर "पुरावा उपलब्ध नाही" एवढी एकच ओळ, आणि सोमवारी पार्किंगसाहेब. मी म्हणालो, बाई, बाबा सांगायचे की पूर्वी घर पांढरं नव्हतं. त्या म्हणाल्या, मला गोष्ट नको, थर हवा. घर बांधल्यापासून जिथे कुणाचा कुंचला पोचला नाही अशी एखादी जागा आहे का? नखाएवढी असली तरी चालेल. काल दिवसभर आम्ही दोघांनी चौकटी हलवल्या, खिडकीचे गज उचकटले, भोंग्याखालच्या पट्ट्या सोडवल्या. सगळीकडे वारा आमच्या आधी पोचलेला, आणि जिन्याखाली आमच्या डागाभोवतीचा जुना गिलावाही कधीच गळून गेलेला. संध्याकाळी बाईंनी पुन्हा विचारलं, आठवा. मला आठवत होतं, दादा. मी नाही म्हणालो.

असो. थोरला भाऊ म्हणून घडलं ते तुला सहज कळवावं, एवढ्यासाठीच हे लिहिलं. मागणं काही नाही. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, वाढवायला जागा उरली आहे का ते तूच बघ.

तुझा,
धाकटा

ता. क. — ड्रायव्हर अर्ध्या तासात निघतो आहे, तेव्हा ताठा बाजूला ठेवून लिहितो. दारावरची पितळी पाटी. "धुक्यात दर दोन मिनिटांनी". घर बांधलं त्या दिवशी ती भिंतीवर बसवली आणि बाबांनी ती कधी काढली नाही, तिच्या कडेकडेने कुंचला फिरवायचे. बाबा गेले त्या आठवड्यात तू कुणाला न विचारता ती पहारीने उचकटलीस आणि बाबांच्या कोटात गुंडाळून घेऊन गेलास. अकरा वर्षं मी ज्यासाठी तुझ्याशी बोललो नाही ती हीच पाटी. निघताना पाटीच्या पाठीला गिलाव्याची एक खपली चिकटून आली होती, हे मी बघितलं. तिच्यावर रंग कोणता होता ते नाही बघितलं, कारण रागाने मला तूच तेवढा दिसत होतास. भिंतीवर मागे उघडा दगड राहिला. म्हणजे भोंगाघराचा मूळ रंग आज जगात असलाच तर तो तुझ्या बैठकीच्या खोलीत, त्या पाटीमागे आहे. वहिनी पाटी चिंच लावून घासतात असं ऐकून आहे. पुढून हवी तेवढी घासू देत, पण पाठीला पाणी लागलं नसेल ना, या विचाराने परवापासून माझा जीव टांगणीला लागला आहे. लागलं असेल तर कोटाच्या घड्यांत बघ, खिशांत बघ. एक कण मिळाला तरी कागदाच्या पुडीत बांध. पाटी मऊ कापडात पाठ वर करून गुंडाळ आणि शुक्रवारी सहाला ड्रायव्हरच्या मांडीवर दे. काम झालं की पाटी तुझी तुला परत. घेतलीस त्याबद्दल मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही.

ता. क. २ — एक सांगायचं राहिलं, रागावू नकोस. त्या दिवशी परांचीवर बाईंनी विचारलं, भिंत फोडली कुणी? मी म्हणालो, थोरल्या भावाने. मला वाटलं बोलण्याच्या ओघात गेलं, पण त्यांनी वहीत लिहून घेतलं. तो अहवाल म्हणे कायमचा जपून ठेवतात. म्हणजे भोंगाघराचं मूळ रूप बिघडवणारा इसम म्हणून सरकारदरबारी तुझं नाव राहणार, ते कसं लिहितात हेही त्यांनी मला विचारून घेतलं. निवृत्त मुख्याध्यापक असंही लिहिलं आहे.

ता. क. ३ — पत्र चिकटवण्याआधी अक्काला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं, घराचं खरं काय ते आजच तिला कळलं. फक्त म्हणाली, दोरी कुणाच्या हातात होती ते खरं लिही. ती त्या दिवशी जिन्यावर केस विंचरत बसली होती. एकोणपन्नास वर्षं तिला ठाऊक आहे आणि ती कुणाला बोलली नाही. तर लिहितो. दोरी माझ्या हातात होती. तू खाली होतास, गाडी सुटलेली बघून अडवायला धावलास. बाबांनी कुणी केलं म्हणून विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तू मी म्हणालास. मी उघडणारही नव्हतो. तो आठवडा तू भोंग्याशी उभा होतास, डावा कान भोंग्याकडे. अक्का त्यात कापूस कोंबायची आणि मी अंथरुणात पालथा पडून तुझे भोंगे मोजायचो. तुझा तो कान तेव्हापासून गेला, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. आणि फोनचंही आत्ता लिहिता लिहिताच लक्षात आलं. ताठा नसेल तो, बहुतेक वयाने दुसराही कान मंदावून तुला फोनची रिंग ऐकूच येत नसेल. मी सोमवारपासून तुला शिव्या देतो आहे.

म्हणून पाटी ड्रायव्हरच्या मांडीवर देऊ नकोस. तू घेऊन ये. शुक्रवारी सहाला त्याच्या शेजारची जागा मी धरून ठेवायला सांगितली आहे. बाईंच्या वहीतलं नाव मीच खोडून घेईन, पण तू समोर असताना. तू नसलास तर मला ते जमणार नाही, मी मला ओळखतो. पाटीमागे काहीच निघालं नाही तरी ये. मग सोमवारपर्यंत घर उभं आहे, अक्काला रिक्षातून खाली आणू आणि तिघं त्या खिडकीशी बसू. मी तुझ्या उजव्या बाजूला बसेन.